स्पेशल फंक्शन द्यायचं कुठे: सायपायला की एमपीमॅथला?

सबमिशन झालं, ओरल आटोपल्या, आता महिनाभर मोकळा आहे आणि ओपन सोर्सला एखादं स्पेशल फंक्शन, म्हणजे गणितात वारंवार लागणारं, स्वतःचं नाव असलेलं फंक्शन द्यायचंय, असं म्हणत पुण्यातली इंजिनिअरिंगची मुलं माझ्याकडे येतात. सायपाय आणि एमपीमॅथ या दोन्ही पायथनच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संग्रह; दोन्हींचा परवाना बीएसडी, म्हणजे कोड बराच मोकळेपणाने वापरू देणारा. काम मात्र फार वेगळं आहे.

संभाव्यतेच्या गणितात लागणारं एरर फंक्शनच घ्या. ६ या किमतीला ते १ च्या इतकं जवळ जातं की १ मधून वजा केल्यावर संगणक सरळ शून्य दाखवतो. खरं उत्तर शून्य नाही: दशांशचिन्हापुढे सोळा शून्यं आणि मग २१५. एमपीमॅथमध्ये यावर साधा उपाय आहे. आतल्या आत चाळीस अंकांनी गणित करा, शेवटी हवे तेवढे ठेवा. सायपायमध्ये ५३ बिटांतच, म्हणजे साधारण सोळा अंकांतच भागवावं लागतं. त्यामुळे १ वजा एरर फंक्शन याला वेगळं फंक्शन लागतं आणि त्याचेही तुकडे पडतात: शून्याजवळ एक सूत्र, मध्ये दुसरं, लांबवर तिसरं. एका सूत्रावरून दुसऱ्यावर जाताना, नेमक्या त्या सांध्यावर अंक गळतात. माझा सगळ्यात जास्त वेळ या सांध्यांनीच खाल्ला, आणि खरं शिकलो तेही तिथेच.

सायपायला सी प्लस प्लस यायला हवं आणि अख्खी लायब्ररी आपल्या लॅपटॉपवर कंपाइल करावी लागते. एमपीमॅथ निव्वळ पायथन आहे, पहिल्या संध्याकाळीच काम सुरू होतं. सायपायवाले आधी विचारतात की हे फंक्शन किती जणांना लागणार. कोड लिहिण्याआधी प्रस्ताव मांडा. मायर-जी, बार्न्स-जी अशी दुर्मीळ फंक्शनं मात्र एमपीमॅथमध्ये सुखाने नांदतात.

मग कोणी काय निवडावं? भास्कराचार्य प्रतिष्ठान या पुण्यातल्या गणिताच्या संस्थेत ऑलिम्पियाडची तयारी केलेल्या, सूत्रांत रमणाऱ्या मुलीला मी बेधडक एमपीमॅथ सांगेन. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत प्रोजेक्ट करणाऱ्याला एकाच फंक्शनच्या कोट्यवधी किमती हव्या असतील, तर एमपीमॅथच्या वेगाने त्याचं भागणार नाही. त्याने सायपायचे कष्ट घ्यावेत.

एक गोष्ट दोन्हीकडे सांभाळा. जीएसएल या सी भाषेतल्या गणिती लायब्ररीचा कोड जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे त्यावरून केलेला कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. तो समोर ठेवून पायथनमध्ये उतरवलात तरी चालणार नाही. ‘न्यूमेरिकल रेसिपीज’ या पुस्तकातला कोडही घेता येत नाही. सूत्रं घ्या, ती एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक संस्थेच्या डिजिटल लायब्ररीत फुकट वाचायला मिळतात.

मला विचाराल तर पहिला महिना एमपीमॅथला द्या. पुढे तेच फंक्शन सायपायला न्यायचं ठरलं, तर तिथे उत्तरं पडताळायला पन्नास अंकी किमती लागतील, आणि त्या तुमच्याच कोडमधून निघतील.