संशोधन पोस्टरसाठी पॉवरपॉइंट: चांगलं आहे, पण सेटिंग बदलूनच वापरा

आविष्कार ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा असो की कॉलेजातली परिषद, बहुतेक विद्यार्थी पोस्टर पॉवरपॉइंटमध्येच करतात, आणि त्यात काही चूक नाही. ते लॅबच्या कॉम्प्युटरवर असतं आणि गाइडना फाइल उघडून थेट दुरुस्त्या करता येतात. मात्र ते बनलंय पडद्यावरच्या स्लाइडसाठी. कागदावर पोस्टर बिघडतं ते बहुतेक वेळा त्याची मूळ सेटिंग तशीच ठेवल्यामुळे.

माप पहिल्याच मिनिटाला ठरवा. डिझाइन, स्लाइड साइझ, कस्टम इथे जाऊन परिपत्रकात दिलेलं माप टाका. उभ्या ए-झीरोसाठी ते ८४.१ × ११८.९ सेंमी. मजकूर भरल्यावर माप बदललं तर चौकटी, बाण, फॉन्ट सगळं हलतं आणि अख्खी रात्र जुळवाजुळवीत जाते. स्लाइडची कमाल मर्यादा ५६ इंच (१४२.२४ सेंमी) आहे. त्याहून मोठं हवं असेल तर निम्म्या मापात करा आणि २०० टक्क्यांवर छापून घ्या.

खरी गोची आलेखांत होते. एक्सेलच्या आलेखाचा स्क्रीनशॉट ६०० पिक्सेल रुंद असेल आणि तो पोस्टरवर ३० सेंमी पसरवला, तर इंचाला जेमतेम ५० पिक्सेल उरतात. अक्षांवरचे आकडे पुसट होतात, आणि परीक्षक नेमके तेच वाचायला वाकतात. इंचाला निदान १५० पिक्सेल हवेत. त्यापेक्षा पेस्ट स्पेशलमधून एन्हान्स्ड मेटाफाइल (चित्र पिक्सेलऐवजी रेषांत साठवणारा प्रकार) म्हणून चिकटवा. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांमधून काढलेला आलेख एसव्हीजी या तशाच रेषांच्या फाइलमध्ये घ्या, म्हणजे तो कितीही ताणला तरी फाटत नाही. (एसव्हीजी पॉवरपॉइंटच्या २०१९ आणि ३६५ या आवृत्त्यांत नीट चालतं.) फोटोंचं दुखणं वेगळं. फोटो लहान ठेवून फाइल सेव्ह केली की प्रोग्रॅम त्याचे जास्तीचे पिक्सेल काढून टाकतो, मग मोठा केल्यावर तो धुरकट दिसतो. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर टिक करा.

अक्षरांचा आकार पडद्यावरून ठरवू नका. पोस्टर ए-फोरवर छापून पाहा. लांबी-रुंदीत ते ए-झीरोच्या २५ टक्के असतं, म्हणजे २८ पॉइंटचा मजकूर ७ पॉइंटचा होतो. तो हातात धरून वाचता आला तर भिंतीवरही वाचता येईल. नसेल तर फॉन्ट वाढवण्याआधी मजकूर छाटा. पद्धतीचा परिच्छेद आकृतीत बसवला की निम्मी जागा सुटते. मुख्य निष्कर्षाचा आलेख डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, गुडघ्यापाशी कोणी पाहत नाही.

छापायला पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटची मूळ फाइल, कधीही देऊ नका, पीडीएफच द्या, तीही ‘स्टँडर्ड’ पर्यायातली. फ्लेक्सवाले पुष्कळदा फाइल कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. तिथे फॉन्ट बदलला की मराठी जोडाक्षरं सुटतात, ‘प्रक्रिया’चा पाय मोडतो. श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट टाळा, युनिकोडच वापरा, आणि छपाईआधी त्यांच्या स्क्रीनवर शीर्षक, तक्ते आणि आभार स्वतः वाचा. पॉवरपॉइंट आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या रंगांत काम करतं, छपाई शाईच्या रंगांत होते, त्यामुळे भडक निळा छापल्यावर मंद किंवा जांभळट येतो. गडद, साधे रंग घ्या.

फ्लेक्स स्वस्त असतं, पण ते चकाकतं. ट्यूबलाइटखाली एका बाजूने वाचताच येत नाही, आणि घडी घातली तर वळ राहतात. आलेख बारीक असतील तर प्लॉटरवर (मोठ्या कागदाच्या प्रिंटरवर) मॅट, म्हणजे न चकाकणारा कागद घ्या आणि नळीत गुंडाळून न्या.

रासायनिक रचना किंवा नकाशे भरपूर असतील तर इंकस्केप हे रेखाचित्रांचं सॉफ्टवेअर शिका, ते मोफत आहे आणि रेषेवरचा ताबा पॉवरपॉइंटपेक्षा कितीतरी जास्त मिळतो. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन साइटचे साचे देखणे आहेत, पण मोफत खात्यात तयार डिझाइनचं माप बदलता येत नाही, आणि त्रुटिपट्ट्यांसह (एरर बार) आलेख तिथे काढणं जिकिरीचं. बाकी सगळ्यांनी पॉवरपॉइंटच घ्यावं, आणि फाइल छापायला द्यायच्या दोन दिवस आधी पूर्ण करावी.