रुगर एसएफएआर: वजन शिकारी रायफलचं, मांडणी मात्र चांदमारीची

.३०८ (गोळीचा व्यास इंचात) काडतुसाची अर्धस्वयंचलित रायफल म्हटली की साधारण साडेआठ-नऊ पौंडांची तयारी ठेवावी लागायची. त्यावर दुर्बीण, पट्टा आणि भरलेलं मॅगझिन चढलं की दिवसभर डोंगर तुडवायची हौस दुपारपर्यंत फिटते. रुगर या अमेरिकन बंदूक कंपनीचीच २०१३ ची एसआर-७६२ रिकामी ८.६ पौंडांची होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या एसएफएआरचं, म्हणजे 'स्मॉल-फ्रेम ऑटोलोडिंग रायफल'चं, १६.१ इंची मॉडेल ६.८ पौंडांत (सुमारे ३.१ किलो) आणि २० इंची ७.३ पौंडांत बसतं. रिकामी रायफल खांद्याला लावली तर ती लहान .२२३ काडतुसाची हलकी एआर-१५ च वाटते. सगळा सरंजाम चढवल्यावरही १६ इंची मॉडेल साडेआठ पौंडांच्या आसपास राहतं, म्हणजे साध्या बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफलच्या जवळपास.

हे वजन कुठून कापलं ते आधी पाहायला हवं, कारण रायफलची ताकद आणि अडचण दोन्ही तिथेच आहेत. .३०८ च्या काडतुसाचं बूड ०.४७३ इंच व्यासाचं, .२२३ चं ०.३७८. दाबाची कमाल मर्यादा .३०८ ला ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), .२२३ ला ५५,०००. गुणाकार करून पाहिला तर नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टवर मागे येणारा रेटा जवळजवळ पावणेदोन पट होतो. एआर-१५ च्या आकाराच्या बोल्टला एवढा भार पेलवायचा तर एकतर सगळं जाड करा, नाहीतर पोलाद बदला. रुगरने पोलाद बदललं: बोल्ट आणि तो ज्यात अडकतो ते बॅरल एक्स्टेंशन नेहमीपेक्षा मजबूत मिश्रधातूचं आहे. त्यामुळे बोल्ट, त्याला वाहून नेणारा कॅरियर आणि नळी हे भाग खास याच रायफलचे. बाजारातल्या .३०८ च्या इतर एआर-१० रायफलींचे यात बसत नाहीत. ट्रिगर, पकड आणि दस्ता मात्र एआर-१५ चे चालतात. एक्स्ट्रॅक्टर (टरफल ओढून काढणारा आकडा) आणि त्याची स्प्रिंग हे दोन जादा भाग रायफलसोबतच मागवून ठेवावेत. हंगामाच्या तोंडावर ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील या भरवशावर राहू नये.

दोन लांब्यांपैकी कोणती? हरणासाठी २० इंची, फार विचार न करता. डब्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची नळीचा असतो. १५० ग्रेन वजनाच्या गोळीला २,८२० फूट प्रतिसेकंद, असा. प्रत्येक इंचामागे २०-२५ फूट धरले तर २० इंचीतून तीच गोळी २,७२० च्या आसपास निघते, १६ इंचीतून २,६२० च्या. नळीच्या तोंडाशी दोन्ही पुरेशा आहेत. प्रश्न पल्ल्याच्या टोकाला येतो. साधी शिशाची सॉफ्ट-पॉइंट गोळी नीट उमलायला सुमारे १,८०० फुटांचा वेग लागतो, निव्वळ तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना २,००० च्या आसपास. १६ इंचीतून तांब्याची गोळी ३०० यार्डांतच त्या उंबरठ्यावर येते. त्यापुढे ती उमलत नाही, आरपार बारीक भोक पाडून जाते आणि जखमी जनावर मैलभर पळतं. शिवाय आखूड नळीचा जाळ आणि आवाज जास्त. १६ इंचीची जागा गच्च झाडीत, मचाणावर किंवा गाडीतून चढ-उतार करत चालणाऱ्या रानडुकरांच्या शिकारीत आहे.

धक्का कमी करणारा ब्रेक हा या रायफलचा सगळ्यात फसवा भाग. तोंडाशी दोन मोठ्या झरोक्यांचा 'बूमर' मझल ब्रेक बसवून येतो. टेबलावर बसून बार काढताना तो झकास वाटतो: धक्का खरोखर कमी होतो आणि नळी फारशी उचलत नसल्याने गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून दिसतं. रानात मात्र तोच ब्रेक धुराचा आणि आवाजाचा लोट दोन्ही बाजूंना फेकतो. शेजारी बसलेल्या सोबत्याच्या कानाला तो सरळ इजा करतो. कुत्री असतील तर त्यांच्याही. एका बारानेही कान कायमचा अधू होऊ शकतो, आणि सावज समोर आल्यावर कानाचं संरक्षण चढवायला कोणी थांबत नाही. वर बर्फ आणि पानांचा कचरा शिरायला झरोके मोकळेच. साध्या नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावून निभावतं, इथे ती सोय नाही. आटे ५/८-२४ मापाचे आहेत, म्हणजे ब्रेक काढून आटे झाकणारी टोपी किंवा सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) बसवता येतो. टोपी बसवली की धक्का वाढतो, पण गॅसवर चालणारी यंत्रणा तो थोडा पसरवते, त्यामुळे सहन होतो. एक लक्षात ठेवा: ब्रेक काढला की गोळी पडण्याची जागा बदलते. झिरो (दुर्बिणीचा नेम ठरावीक अंतरावर गोळीशी जुळवणं) पुन्हा करावाच लागतो.

आता गॅस, म्हणजे बार झाल्यावर नळीतून वळवला जाणारा आणि बोल्ट मागे ढकलणारा वायू. नळीवरच्या गॅस ब्लॉकला चार स्थानं आहेत, ० ते ३. शून्यावर गॅस बंद: रायफल एकबारी होते आणि प्रत्येक वेळी बोल्ट मागे खेचणारं चार्जिंग हँडल हाताने ओढावं लागतं. पुढच्या तीन स्थानांवर गॅस वाढत जातो. बहुतेक जण याला हात लावत नाहीत आणि मग काडतूस अडकलं की मॅगझिनला शिव्या देतात. रीत सोपी आहे. शिकारीला जे काडतूस नेणार तेच घ्या. मॅगझिनमध्ये एकच भरा, १ वर बार काढा. बोल्ट मागे अडकून राहिला तर गॅस पुरतोय. तो पुढे येऊन रिकाम्या चेंबरवर (नळीतल्या काडतुसाच्या जागेवर) बंद झाला तर कमी पडतोय, एक स्थान वाढवा. ज्या स्थानावर सलग पाच वेळा बोल्ट मागे राहतो ते तुमचं. पडलेल्या टरफलांकडेही पाहावं. नळीची दिशा घड्याळातल्या बाराची धरली तर तीन-चारच्या दिशेने पडणं ठीक, एक-दोनकडे उडत असतील तर गॅस जास्त, पाचच्या बाजूला मरगळून पडत असतील तर कमी. जास्त गॅसची खूण टरफलाच्या बुडावरही दिसते: कड वाकलेली, पितळेवर टरफल बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरने ओढलेला चकचकीत ओरखडा. सप्रेसर लावला की मागचा दाब वाढतो, तेव्हा एक स्थान खाली यावं. कडाक्याच्या थंडीत उलट: बारुदीचा दाब घटतो, तेल घट्ट होतं, म्हणून एक स्थान वर. फिरवायला पाना लागतो, आणि दहा-पंधरा बारांनंतर तो भाग इतका तापलेला असतो की उघडं बोट लावू नये.

बोल्ट-अ‍ॅक्शनवरून येणाऱ्या शिकाऱ्याची हमखास चूक दुसरीकडेच असते. पहाटे मचाणावर चढल्यावर आवाज नको म्हणून तो चार्जिंग हँडल मुठीत धरून बोल्ट हळूच पुढे सोडतो. बोल्ट काडतूस ढकलत चेंबरपर्यंत नेतो, पण शेवटचं वळण घेऊन लॉक व्हायला लागणारा जोर त्यात उरत नाही. बाहेरून सगळं बंद दिसतं. तासाभराने सावज समोर येतं, चाप ओढला जातो आणि नुसता 'टक्' ऐकू येतो. कधी तोही नाही. उपाय दोन: बोल्ट मोकळा सोडायचा, आवाज झाला तर झाला, पाच मिनिटांत रान पुन्हा शांत होतं. किंवा हळू सोडल्यावर उजव्या बाजूचा फॉरवर्ड असिस्ट (बोल्ट पुढे ढकलणारा खटका) अंगठ्याने घट्ट दाबायचा आणि इजेक्शनच्या खिडकीतून बोल्ट पूर्ण पुढे गेलाय ना ते पाहायचं. त्यासाठीच तो दिलाय.

याचीच दुसरी बाजू: एआर पद्धतीच्या बहुतेक रायफलींत काडतुसाला ठोका देणारी फायरिंग पिन स्प्रिंगने अडवलेली नसते. बोल्ट आदळला की ती स्वतःच्या वजनाने पुढे सरकून प्रायमरला (बुडातल्या पेटणाऱ्या टिकलीला) हलकी टोचते. संध्याकाळी बाहेर काढलेल्या काडतुसाच्या बुडावर तीळभर खळगा दिसतो, तो हाच. एका वेळी काही बिघडत नाही. पण तेच काडतूस रोज सकाळी भरायचं आणि रोज संध्याकाळी काढायचं असं आठवडाभर चाललं तर दोन गोष्टी होतात: खळगा खोल होतो, आणि रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आदळून गोळी टरफलात मागे दबते, त्याने दाब वाढतो. एकदा-दोनदा भरून काढलेली काडतुसं वेगळी ठेवून ती सरावात संपवावीत. शिशाच्या उघड्या टोकाच्या गोळ्या रॅम्पवर चेपतात. पॉलिमर टोकाच्या किंवा बॉन्डेड (आवरण शिशाला जोडलेल्या) गोळ्या तुलनेने सरळ जातात. मॅगझिनच्या आतली लांबी बेताची आहे, काडतूस २.८ इंचांच्या आसपास असावं. हाताने काडतुसं भरणाऱ्यांनी लांब तांब्याच्या गोळ्यांना हे माप आधी तपासावं. नळीचा पीळ १० इंचाला एक फेरा, १५० पासून १८० ग्रेनपर्यंत सगळं सांभाळतो.

ट्रिगर चांगला आहे. 'एलिट ४५२' हा दोन टप्प्यांचा, साडेचार पौंडांचा. पहिला टप्पा हलका, मग स्पष्ट भिंत लागते आणि तिथून तुटतो. जाड हातमोज्यातही भिंत कळते. कारखान्यातून येणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलींत असा ट्रिगर सहसा मिळत नाही, बदलायच्या भानगडीत पडू नये. सेफ्टीचा खटका नेहमीचा नव्वद अंशांचा, आणि तो 'टक्' करून फिरतो. शांत रानात हरणाला तो सत्तर यार्डांवरून ऐकू जातो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून सावकाश फिरवायची सवय घरीच रिकाम्या रायफलवर करावी. हॅमर (पिनवर आदळणारा घोडा) चढलेला नसेल तर हा खटका सेफवर जातच नाही. तसं झालं की जोर लावू नये, ती रायफलच सांगत असते की बोल्ट मागे ओढलेला नाही.

लोखंडी साइट्स मिळत नाहीत, वर सपाट पिकाटिनी रेल (दुर्बीण अडकवायची खाचांची पट्टी) आहे. दस्ता नळीच्या सरळ रेषेत असल्याने दुर्बीण उंच बसवावी लागते, मध्यरेषा नळीपासून अडीच इंचांहून वर. त्यामुळे जवळच्या नेमात गडबड होते: २०० यार्डांचा झिरो असताना २५ यार्डांवर गोळी इंचभर खाली लागते. जखमी जनावर जवळून संपवताना हे ध्यानात असलं पाहिजे. १६ इंची नळी, १५० ग्रेन आणि २०० यार्डांचा झिरो धरला तर १०० वर गोळी साधारण दोन इंच वर आणि ३०० वर नऊ-दहा इंच खाली. हे अंदाज आहेत. आपल्या काडतुसाने कागदावर तपासल्याशिवाय त्यांच्या भरवशावर सावजावर बार काढू नये.

नेमाच्या चाचणीत पाच-पाच बारांचे गट काढून रायफलला नावं ठेवणं अन्यायाचं होईल. नळी हलकी आहे, तापते, आणि तापली की गट पसरतो. शिकारीत थंड नळीतली पहिली गोळीच मोजायची असते. १०० यार्डांवर कागद एकच ठेवावा, रोज सकाळी त्यावर एक बार, असे आठ-दहा दिवस. त्या दहा भोकांचा पसारा हीच तुमची खरी अचूकता. तो तीन इंचांचा निघाला तर हरणाच्या वर्मस्थानासाठी २०० यार्डांपर्यंत चालेल, त्यापुढे नाही.

सोबत येणारं २० काडतुसांचं मॅगझिन रानात निरुपयोगी. ते खाली इतकं लोंबतं की पोटावर पडून टेकू घेता येत नाही, आणि अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत शिकारीला बेकायदेशीरही ठरतं. कोलोरॅडोत अर्धस्वयंचलित रायफलला मॅगझिन आणि चेंबर मिळून सहाच काडतुसं चालतात, फ्लोरिडात मॅगझिनची मर्यादा पाचाची. पेनसिल्व्हेनियाने २०१७ मध्ये लहान सावजांसाठी अर्धस्वयंचलित रायफलला परवानगी दिली, हरणासाठी दिली नाही. उलट टेक्सासमध्ये रानडुकरांना ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. तिथे कळपावर दुसरा-तिसरा बार झटपट काढता येणं खरंच उपयोगी पडतं. ही रायफल एसआर-२५ नमुन्याची मॅगझिनं घेते आणि त्यात पाचाचंही मिळतं. घ्यावं ते तेच.

साफसफाईत कॅरियरच्या आत आणि बोल्टच्या शेपटीवर काजळी साचते, कारण वायू थेट तिथेच येऊन आदळतो. दर शंभरेक बारांनी तेवढं पुसलं आणि बोल्टच्या कड्यांना थेंबभर तेल दिलं की पुरे. शून्याखालच्या थंडीत तेल जवळजवळ कोरडं पुसून घ्यावं. बाहेरून आल्यावर रायफल लगेच उबदार खोलीत आणू नये, आतून बाहेरून दव धरतं आणि सकाळी तेच फायरिंग पिनभोवती गोठतं. रायफल रिकामी करताना आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट तीनदा ओढायचा, मग चेंबरमध्ये डोळ्याने पाहायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. या क्रमात मॅगझिन शेवटी गेलं तर प्रत्येक ओढीला नवीन काडतूस आत जातं, आणि बोल्ट-अ‍ॅक्शनची सवय असलेल्या हाताला नेमकं ते लवकर उमगत नाही.