पांढरी पॉपी: घ्यावी का, आणि घेतल्यावर काय करावं

ऑक्टोबर संपत आला की ब्रिटनमध्ये कोटाकोटावर लाल पॉपी, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी लावायचं फूल, दिसायला लागते. स्टेशनात, सुपरमार्केटच्या दाराशी स्वयंसेवक डबे घेऊन उभे असतात. डब्यात पैसे टाकायचे, फूल टोचून घ्यायचं आणि पुढे जायचं. पांढरी पॉपी अशी सहसा वाटेत भेटत नाही, ती मुद्दाम मागवावी लागते. पीस प्लेज युनियन ही युद्धविरोधी संस्था ती पोस्टाने पाठवते. मी लंडनमध्ये नर्स आहे आणि बऱ्याच वर्षांपासून हे फूल लावते. इथले ओळखीचे मराठी लोक दर नोव्हेंबरात विचारतात की हे काय आहे, लावलं तर कुणी काही बोलतं का, आणि लाल सोडून हे का. तीनही प्रश्नांचं एकदा नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहिते आहे.

वस्तू म्हणून सांगायचं तर त्यात फार काही नाही. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध गोल बटण आणि त्यावर ‘पीस’ ही अक्षरं. वॉर्डात गणवेशावर टाचणीच्या वस्तू नकोच, त्यामुळे माझी कोटावर असते. विकणाऱ्या संस्थेने तिचे तीन अर्थ सरळ मांडले आहेत: युद्धात मेलेल्या सगळ्यांची आठवण, मग ते कुठल्याही देशाचे असोत, सैनिक असोत वा सामान्य माणसं, शांततेसाठी काम करण्याची बांधिलकी, आणि युद्धाचं गौरवीकरण करण्याला विरोध. पहिल्या अर्थावर कुणी वाद घालत नाही. भांडण तिसऱ्यावरून होतं.

मला या फुलात सगळ्यात जास्त काय पटलं असेल तर ते मधलं बटण. लाल पॉपीची मोहीम ब्रिटनमध्ये 1921 साली सुरू झाली. तिच्या बटणावर कित्येक दशकं ‘हेग फंड’ असं छापलेलं असायचं. हेग म्हणजे पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती डग्लस हेग. 1926 मध्ये नो मोअर वॉर मूव्हमेंट या युद्धविरोधी संघटनेतून सूचना पुढे आली की या बटणावर ‘नो मोअर वॉर’ छापायला सांगावं, आणि ते मान्य झालं नाही तर आपण आपली वेगळी फुलं करावीत. शेवटी वेगळीच करावी लागली. 1933 साली को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्ड या सहकारी चळवळीतल्या संघटनेच्या बायकांनी पांढरी पॉपी बाहेर आणली. त्यांच्यातल्या कित्येकींचे नवरे, भाऊ, मुलगे युद्धात गेले होते. पुढे हे फूल लावलं म्हणून काही बायकांना कामावरून काढूनही टाकलं.

आता हेग हे नाव, मनाला पटत नाही म्हणून लढायला नकार देणाऱ्यांच्या इतिहासात कुठे येतं ते पाहा. 1916 च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समध्ये नेलेल्या अशा पस्तीस जणांना, तिथे लष्करी हुकूम मानायला नकार दिला म्हणून, कोर्ट मार्शलने मृत्युदंड सुनावला. हॉवर्ड मार्टन हा त्यांतला पहिला. सगळ्या तुकडीसमोर उभं करून शिक्षा वाचली गेली: गोळ्या घालून मृत्यू. वाचणारा थांबला. मग म्हणाला, सर डग्लस हेग यांनी शिक्षा कायम केली आहे. पुन्हा थांबला. आणि मग सांगितलं की ती बदलून दहा वर्षांची सक्तमजुरी करण्यात आली आहे. त्या दोन थांबण्यांमध्ये त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हे मी रात्रपाळीत कितीदा तरी मनाशी घोळवलं आहे. हेगचं नाव लाल पॉपीच्या बटणावरून 1994 साली निघालं. पांढऱ्या फुलाने साठ वर्षं आधीच त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं होतं. एवढ्याशा बटणात इतकं सगळं आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि ही या फुलाची मला जाणवणारी मोठी उणीव. त्याबद्दल पुढे.

फूल लावल्यावर लोक बोलतात का? हो, बोलतात. शिवीगाळ माझ्या वाट्याला आलेली नाही, पण प्रश्न येतातच. 1986 साली तर पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी संसदेत या फुलाबद्दल तीव्र नापसंती बोलून दाखवली होती, आणि त्या चर्चेनंतर फुलांचा खप वाढला. 2018 साली एका वर्षात एक लाखाच्या वर पांढऱ्या पॉपी गेल्या. लाल फुलांपुढे ही संख्या काहीच नाही, म्हणूनच पांढरं फूल चटकन नजरेत भरतं आणि माणसं थांबून विचारतात.

माझं मत असं की या फुलाचं खरं काम नेमकं इथे सुरू होतं. पहिल्या महायुद्धात भरती नाकारणाऱ्याला ट्रायब्युनलपुढे उभं राहावं लागे. गावातले प्रतिष्ठित लोक टेबलापलीकडे बसलेले, सोबत लष्कराचा प्रतिनिधी, आणि ठरलेला प्रश्न: जर्मन सैनिक तुझ्या बहिणीवर किंवा आईवर चालून आला तर काय करशील? सोळा हजारांहून जास्त माणसांनी त्या युद्धात नकार दिला. सुमारे सहा हजार तुरुंगात गेले. शिक्षा संपली की बाहेर आणायचं, पुन्हा हुकूम द्यायचा, पुन्हा नकार, पुन्हा तुरुंग, असं चक्र चाले. तुरुंगातल्या आणि लष्करातल्या वागणुकीपायी सत्तरहून जास्त जण दगावले. युद्ध संपल्यावर नकार देणाऱ्यांपैकी कित्येकांचा मतदानाचा हक्क पाच वर्षांसाठी काढून घेतला गेला, आणि तो ज्या 1918 च्या कायद्याने काढला त्याच कायद्याने इथल्या तीस वर्षांवरच्या बऱ्याच बायकांना पहिल्यांदा मत मिळालं. मला फूल लावून कसलीच किंमत मोजावी लागत नाही. पण लिफ्टमध्ये, चहाच्या खोलीत, बसथांब्यावर कुणी विचारतं आणि उत्तर द्यावं लागतं. ज्यांचा मान राखायचा म्हणते त्यांच्या जागेवर क्षणभर उभं राहायला लावणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

हिटलरचा प्रश्न तर दरवर्षी येतो. आमच्या शेजारी एक निवृत्त सैनिक राहतात, लाल पॉपी अभिमानाने लावणारे. त्यांनी फाटकाशी उभं राहून विचारलं, “मग हिटलरचं काय केलं असतंत तुम्ही?”

मी म्हटलं, “मला माहीत नाही. पण तेव्हा ज्यांनी बंदूक नाकारली त्यांनी काय केलं ते सांगू शकते.”

आणि मी त्यांना खरजेची गोष्ट सांगितली, कारण नर्स म्हणून ती मला सगळ्यात जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सुमारे साठ हजार जणांनी नकार नोंदवला. शेफिल्डला सॉर्बी संशोधन संस्थेत केनेथ मेलनबी नावाचे कीटकशास्त्रज्ञ खरजेवर काम करत होते. खरूज तेव्हा लष्करात आणि शहरांत फोफावली होती, आणि ती पांघरुणांतून, कपड्यांतून पसरते असा समज असल्यामुळे घोंगड्या निर्जंतुक करण्यावर भरपूर खर्च चालला होता. मेलनबींना स्वतःच्या अंगावर प्रयोग करून घेणारी माणसं हवी होती. ती आली नकार देणाऱ्यांमधून. खरजेच्या रुग्णांनी वापरलेले कपडे त्यांनी न धुता घातले, त्यांच्याच घोंगड्यांत उघड्या अंगाने झोपले. महिनोन्‌महिने असं करूनही लागण फारशी झाली नाही. रुग्णाशेजारी एका बिछान्यात झोपल्यावर मात्र झाली. म्हणजे खरूज मुख्यतः त्वचेला त्वचा लागून पसरते हे त्यांच्या अंगावर सिद्ध झालं, आणि पहिल्या लागणीत खाज सुटायला कित्येक आठवडे जातात हेही कळलं. आज वॉर्डात खरजेचा रुग्ण आला की आम्ही घरातल्या सगळ्यांना, खाज असो नसो, एकाच वेळी औषध लावायला सांगतो. त्या सांगण्यामागे रात्रभर अंग खाजवत पडलेली ती माणसं आहेत.

त्याच संस्थेत जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांच्या देखरेखीखाली क जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. स्वयंसेवकांपैकी काहींचा आहार महिनोन्‌महिने जीवनसत्त्वाशिवाय ठेवला, मांडीवर मुद्दाम जखम केली आणि ती भरते का ते पाहिलं. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. रोज 10 मिलिग्रॅम एवढ्याने स्कर्व्ही, म्हणजे या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, टळते हे त्यातून निघालं. याशिवाय काही जणांनी न फुटलेले बाँब निकामी करण्याचं काम पत्करलं, क्वेकर या युद्ध नाकारणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिटमधून बरेच जण जखमींपर्यंत पोचले. या लोकांना भित्रे म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगते.

शेजाऱ्यांनी ऐकून घेतलं. फूल मी कधी लावणार नाही म्हणाले, पण माझ्याकडचं पत्रक वाचायला नेलं.

सेवा केली ते चांगले आणि नुसता नकार देऊन तुरुंगात बसले ते निरुपयोगी, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. मला बसलेलेही तितकेच मोठे वाटतात. कॅथलीन लॉन्सडेल या स्फटिकशास्त्रज्ञ. तीन मुलांची आई असल्यामुळे त्यांना सूट मिळालीच असती, फक्त नागरी संरक्षणाच्या कामासाठी नाव नोंदवायचं होतं. त्यांनी नोंदवलं नाही, दंडही भरला नाही, आणि 1943 साली हॉलोवे तुरुंगात महिना काढला. दोन वर्षांनी रॉयल सोसायटीने पहिल्यांदा दोन बायकांना फेलो निवडलं, त्यांतल्या एक त्या होत्या. पुढे तुरुंगसुधारणेसाठीही त्या झटल्या.

आता उणीव. पांढरी पॉपी युद्धाच्या बळींसाठी शोक करते, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांनी युद्ध अडवायचा प्रयत्न केला, त्यासाठी तुरुंग भोगला, त्यांचं नाव त्या पाकळ्यांवर कुठेच नसतं. नवीन माणसाला ती नुसती शुभेच्छेसारखी वाटू शकते. म्हणून मी सांगते की फूल घेतलंत तर ते टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला घेऊन जा. युस्टन किंवा रसेल स्क्वेअर स्टेशनपासून चालत जाता येतं. बागेच्या मध्यभागी 1968 साली बसवलेला गांधीजींचा पुतळा आहे, मांडी घालून बसलेला, जवळच हिरोशिमाच्या बळींच्या स्मरणार्थ 1967 साली लावलेलं चेरीचं झाड. आणि नकार देणाऱ्यांचा दगड. राखाडी स्लेटची भली मोठी शिळा, फार न घडवलेली. मारायला नकार देण्याचा हक्क ज्यांनी मिळवला आणि जे तो टिकवत आहेत त्या सगळ्यांना ती अर्पण केली आहे. 15 मे 1994 रोजी तिचं अनावरण संगीतकार मायकल टिपेट यांनी केलं. ते स्वतः 1943 मध्ये याच कारणासाठी वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात होते. ज्याने भोगलं त्यानेच पडदा सारावा हे मला फार योग्य वाटतं.

दरवर्षी 15 मेला, नकार देणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय दिनाच्या दिवशी, या दगडापाशी लोक जमतात, जगभरच्या नकार देणाऱ्यांची नावं वाचली जातात. नोव्हेंबरातल्या स्मरण रविवारी इथेच पर्यायी सभा असते आणि पांढऱ्या पॉपींचं पुष्पचक्र वाहतात. दोन्हींत निवडायचं असेल तर माझं मत मे महिन्याच्या बाजूने. तेव्हा मेलेल्यांसोबत जिवंत माणसांचीही आठवण निघते. दक्षिण कोरियात हजारो तरुण नकारापायी तुरुंगात गेले, 2018 साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने लष्करी सेवेला पर्यायी सेवा हवी असा निकाल दिला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. इतर कित्येक देशांत ती आजही बंद आहे.

कुणी घेऊ नये? लाल फूल लावणाऱ्याला खिजवायला म्हणून ज्यांना हवं आहे त्यांनी. दोन्ही फुलं शेजारीशेजारी लावणारे लोक मी पाहिले आहेत, त्यात मला काही वावगं दिसत नाही. आणि माजी सैनिकांच्या, त्यांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी पैसे द्यायचे असतील तर ते लाल डब्यात टाका, कारण पांढऱ्या फुलाचे पैसे शांतताशिक्षणाच्या आणि युद्धविरोधी कामाकडे जातात. शाळांत वापरायचं साहित्यही ही संस्था देते. घरात मोठी मुलं असतील तर ते जरूर पाहा.

मागवायची असेल तर ऑक्टोबरातच मागवा, म्हणजे 11 नोव्हेंबरच्या, पहिलं महायुद्ध थांबलं त्या दिवसाच्या, आधी नीट हातात पडेल, आणि दोन-चार जास्तीची घ्या, कारण विचारणाऱ्यांपैकी एखाद्याला हवी असतेच. मी प्रत्येक फुलासोबत एक चिठ्ठी देते, तीवर एक नाव आणि दोन ओळी. आमच्या वॉर्डातल्या मुलींना यंदा शेफिल्डच्या स्वयंसेवकांची चिठ्ठी देणार आहे, आणि शेजारच्यांनी पत्रक परत केलं की त्यांना हॉवर्ड मार्टनची.