९९९ रुपयांत तेलाचा डबा घरपोच: पैसे नेमके कुठं जातात

दिवाळी जवळ आली की मोबाईलवर अशा जाहिराती फिरायला लागतात: १५ लिटर सोयाबीन तेल, ५ किलो साखर, २ किलो तूरडाळ, सगळं मिळून ९९९ रुपये, घरपोच, पैसे माल हातात आल्यावर. मोंढ्यात, म्हणजे किराण्याच्या ठोक बाजारात, नुसत्या डब्यालाच याच्या दुपटीच्या आसपास मोजावे लागतात. इथंच खरं तर विषय संपायला हवा, पण 'पैसे नंतर' हे दोन शब्द माणसाला निर्धास्त करतात.

आधी वजन बघा. एक लिटर सोयाबीन तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरचा डबा १३ किलो ६५० ग्रॅमचा. (दुकानातसुद्धा १५ किलो आणि १५ लिटर या दोन डब्यांच्या भावाची तुलना करताना हे ध्यानात असू द्या.) साखर-डाळ धरून माल साडेवीस किलोच्या वर जातो. कुरिअर वजनावर पैसे घेतं आणि किराण्यात नफा बारीक. म्हणूनच संभाजीनगरात ॲपवर भाजी-दूध तासाभरात येतं, पण सोनपेठ, केज, औसा अशा तालुक्याच्या गावी तेच ॲप पिनकोड टाकला की किराण्याला नाही म्हणतं. मोठ्या कंपन्यांना जे परवडत नाही ते अनोळखी पेज निम्म्या भावात कसं करणार?

पार्सल मात्र खरोखर येतं. खोका बुटाच्या डब्याएवढा. नाव, गाव, मोबाईल बिनचूक. पाठवणाऱ्याच्या जागी एखाद्या शहराचं नाव आणि न लागणारा नंबर. बहुतेक लेबलांवर वजन छापलेलं असतं, ते वाचा. साडेवीस किलो मागवलंय आणि लेबल ०.५ किलो म्हणतंय, तर पार्सल तसंच परत करा. पैसे देण्याआधी खोका सहसा फोडू देत नाहीत, आणि फोडल्यावर आत निघते जुनी ओढणी. पार्सल आणणाऱ्या पोराशी भांडून उपयोग नाही, त्याला आतलं काही माहीत नसतं.

पैसे देऊन बसलाच असाल तर एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कुरिअर कंपनी गोळा केलेली रक्कम विकणाऱ्याला सहसा लगेच देत नाही, काही दिवसांनी वळती करते. त्यामुळं त्याच दिवशी लेबलवरचा पार्सल नंबर, लेबलचा आणि आतल्या वस्तूचा फोटो जोडून कुरिअर कंपनीला ईमेल करा आणि रक्कम थांबवायला सांगा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करा.

९९९ गेले एवढ्यावर भागलं तर नशीबच म्हणायचं. मोठा घाव नंतर बसतो. माणूस चिडून गूगलवर 'कस्टमर केअर' शोधतो आणि जो नंबर वर दिसतो तो लावतो. तो नंबर बऱ्याचदा ठगानंच टाकलेला असतो. पलीकडून गोड आवाज: "रिफंड मंजूर झालाय सर, फक्त पडताळणीसाठी ५ रुपये पाठवा." मग व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप टाकायची फाइल, येते. ती टाकताना मेसेज वाचायची परवानगी मागते. दिली की बँकेचा ओटीपी तिकडं जायला लागतो. कुणी स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतं, कुणी *२१* आणि पुढं एखादा नंबर डायल करायला सांगतं. त्यानं तुमचे कॉल ठगाकडं वळतात. असं झालं असेल तर ##००२# डायल केल्यावर वळवलेले कॉल बंद होतात. आणि यूपीआय पिन पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. तो मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून निघणार.

खात्यातून रक्कम गेलीच तर उद्या बघू म्हणू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन १९३० लावा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले गेले नसतील तर तिथंच अडवता येतात. त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तारीख आणि वेळ दोन्ही लिहिलेली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पिन-ओटीपी तुमच्याच चुकीनं गेला असला, तरी कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या माथी असतात.