३३,५०० रुपयांचा एक गंजका स्क्रू

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. गाडीतले दिवे दुरुस्त करून घेताना गेलेले ३३,५०० रुपये. त्यातले १५,००० अ‍ॅडव्हान्स, ९,८०० ‘ड्रायव्हर’चे (गाडी चालवणारा नव्हे, एलईडीला बेताने वीज पुरवणारी डबी) आणि ८,७०० काम संपल्यावर. तिन्ही वेळा पिन मीच टाकला, कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. आणि मी ३१ वर्षं ऑडिटमध्ये काढली आहेत, दुसऱ्यांच्या बिलांवर लाल पेन्सिलीने खुणा करण्यात. जुन्या ऑफिसातले लोक हे वाचून पोट धरून हसतील. हसू देत.

गाडी २०१० ची ट्रॅव्हलर. मूळची शूटिंगची व्हॅनिटी, नंतर एका हौशी माणसाने तिची मोटरहोम केली आणि त्याच्याकडून मी घेतली. आतला थाट व्हॅनिटीचाच राहिला होता. छताच्या कडेने लपवलेली एलईडी पट्टी, आरशाभोवती छोटे दिवे आणि पलंगाच्या डोक्याशी हंसाच्या मानेसारखे वाकवता येणारे चार पितळी दिवे. इंजिन, टायर, सगळं सोडून हिने गाडी पसंत केली ती त्या चार दिव्यांमुळे. पाडव्याला गुहागरला जायचं ठरलं होतं आणि महिनाभर आधी दिवे मंदावले. पट्टी थरथरायची, पितळी दिवे कंदिलासारखे पिवळट लागायचे. पाण्याचा पंप आणि फ्रीज मात्र ठणठणीत. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

‘नेटवरून कशाला माणूस बोलावलात’ असं आता सगळे विचारतात. अहो, मग कुणाला बोलावणार होतो? नेहमीचा गॅरेजवाला म्हणाला, काका, इंजिनचं बोला, शोभेच्या लाइटचं आमच्याकडे नाही. घरचा वायरमन गाडीच्या बॅटरीवरच्या वायरिंगला हात लावेना. शोरूमने ‘हे बाहेरचं फिटिंग आहे’ म्हणून गेटवरूनच परत पाठवलं. अशा गाडीची लाइट हे काम घरच्या वायरमनचंही नाही आणि गाडीच्याही नाही, आणि नेमक्या त्या फटीत ही माणसं बसलेली असतात. जाहिरात होती ‘कॅरॅव्हान लायटिंग स्पेशालिस्ट, घरपोच सेवा’. पत्ता नव्हता, फक्त मोबाइल नंबर.

तिशीतला असेल. स्वच्छ कपडे, पायातले बूट दाराबाहेर काढून आत आला. बुटांनीच निम्मं काम केलं त्याचं. मल्टिमीटर काढला, बॅटरीवर १२.६ दाखवले, दिव्यापाशी ७.१ दाखवले. ‘बघा काका, साडेपाच व्होल्ट वायरिंगने खाल्ले. हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, जळालाय. कधी पेट घेईल सांगता येत नाही.’ आकडे खरे होते, हीच तर मेख आहे. खोटे असते तर मी पकडले असते. आकडे खरे आणि त्यांचा अर्थ खोटा, असली व्हाउचरं मी नोकरीत शेकड्यांनी बघितली आहेत.

त्याने ३४,००० सांगितले. मी घासाघीस करून ५०० कमी केले आणि दिवसभर त्या पाचशेच्या आनंदात होतो. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटीचे १८ टक्के वर पडतील. म्हणजे ६,०३० रुपये. मी म्हटलं, राहू दे बिल. बिल नाही म्हणून मी लोकांचे प्रवासभत्ते अडवलेले आहेत! तेव्हा कान धरून सांगतो, पहिल्यांदा बिल घ्या, कच्चं का होईना, सही आणि गाडीच्या नंबरासकट.

आता तो क्षण. रोज रात्री झोपताना तो मला दिसतो.

दुपारचे चार वाजले असतील. कपड्यांच्या कपाटामागची फळी त्याने काढली होती, आत वायरींचा गुंता. तो टॉर्च घेऊन वाकला आणि स्क्रूड्रायव्हर आत घातला. त्याबरोबर सगळी गाडी उजळली. छताची पट्टी, आरसा, चारही पितळी दिवे, अगदी नव्या गाडीसारखे. आरशात आमचे तिघांचे चेहरे लख्ख. ही टाळी वाजवून म्हणाली, ‘अहो, लागले की!’ दोन सेकंद, फार तर तीन. त्याने झटक्यात हात मागे घेतला, सगळं पुन्हा पिवळट. मग शांतपणे म्हणाला, ‘काकू, तो शॉर्टचा उजेड. विझायच्या आधी वात मोठी होते ना, तसं. अजून दोन मिनिटं धरला असता तर गाडी पेटली असती.’

आणि मी मान डोलावली.

शॉर्ट झाला असता तर १० अँपिअरचा फ्यूज फटकन उडाला असता, दिवे उजळले नसते. हे मला नंतर नववीतल्या नातीने समजावलं. दिव्यांची काळी वायर बॉडीला एका स्क्रूने जोडलेली होती आणि तो स्क्रू गंजला होता. अर्थिंगच गेलं होतं. गेलेला करंट परतायला वाट नव्हती, ती त्याच्या स्क्रूड्रायव्हरने घटकाभर करून दिली. दोष त्याला त्याच सेकंदाला कळला होता. त्याच्या जागी प्रामाणिक माणूस असता तर तिथंच हसून म्हणाला असता, ‘काका, सापडलं.’

फोन अर्थिंगसाठी केला असता तर दोनशे रुपयांत भागलं असतं, पण मला ते माहीत असतं तर मी फोन का केला असता?

पुढचं झटपट सांगतो, कारण असल्या प्रकारांत पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशी ‘जर्मन ड्रायव्हर’ आला, चांदीच्या रंगाची डबी, तिचे ९,८००. जुनी पट्टी काढून नवी चिकटवली, खाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टीसुद्धा न लावता, नुसत्या टेपने. चार पितळी दिवे ‘बफिंग करून आणतो, सोन्यासारखे होतील’ म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला. निघताना गंजक्या स्क्रूशेजारी दुसरी वायर मारून दिवे पेटवून दाखवले आणि उरलेले ८,७०० घेतले. सुटा भाग गाडीतून बाहेर जाऊ देऊ नका. द्यायचाच असेल तर फोटो काढा, वजन करा, लिहून घ्या. आम्ही त्याला वर चहा-पोहे दिले.

पाचव्या दिवशी उन्हाने टेप सुटली आणि पट्टी छतावरून लोंबायला लागली. फोन बंद.

दापोडीच्या एसटी वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक वायरमन आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मला हे माहीत नव्हतं, कारण त्यांची जाहिरात नाही. आले, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला धरून मोजलं, मग तीच पिन गाडीच्या पत्र्याला धरून मोजलं आणि पहिल्या पाच मिनिटांत म्हणाले, ‘पत्रा साफ करावा लागेल.’ पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवी तांब्याची लग (बोल्टात अडकवायची कडी) दाबून बसवली, नवा बोल्ट, वर ग्रीस. जुनी पट्टी मी सुदैवाने फेकली नव्हती, तीच लावली. सामानासकट ६४० रुपये झाले. जाताना म्हणाले, इंजिन चालू असताना चौदाच्या वर व्होल्ट येतात, बारावाल्या पट्ट्या त्यानेच तापून मरतात, मध्ये एक व्होल्टेज रेग्युलेटर टाका. हे त्या स्पेशालिस्टने एकदाही सांगितलं नव्हतं. आणि ती जर्मन डबी त्यांनी माझ्यासमोर उघडली. आत आलेली वायर सरळ बाहेर गेलेली, आणि हाताला जड लागावी म्हणून एम-सीलचा एक गोळा. त्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. तो मी जपून ठेवला. पुरावा म्हणून!

कुणाला हवा होता तो पुरावा? चौकीत गेलो तर म्हणाले, काम केलंय, पैसे दिलेत, हे दिवाणी आहे, कोर्टात जा. मी म्हटलं, ड्रायव्हर म्हणून गोळा विकला, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम, आपलं जुनं ४२०. ‘तुम्ही वकील आहात का?’ नाही. ‘मग बसा.’ पाऊण तास बसलो. मग कळलं की गाडी सोसायटीबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभी होती, म्हणून हद्द दुसरी. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात लिहिलंय, हे सांगितल्यावर त्यांनी मला त्या दुसऱ्या ठाण्याचा रस्ता सांगितला. तिथले म्हणाले, पैसे मोबाइलवरून गेलेत ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता ना, मग हे सायबर नाही. बँकेत गेलो. ‘पिन तुम्हीच टाकलात ना, सर?’ ते ‘सर’ फार लागलं. ऑनलाइन तक्रार केली, तिथे समोरच्या पार्टीचा पत्ता भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही, सगळं उत्तम. पण नोटीस पाठवणार कुठे? पत्ता शोधायचं काम फसलेल्याने करायचं, बाकी यंत्रणा सज्ज आहे. म्हणून सांगतो, माणूस गाडीत चढायच्या आधी आधार कार्डाचा फोटो मागा. चिडला तर जाऊ दे, काम नको. आणि खरोखरच ऑनलाइन गंडा पडला असेल तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, माझ्यासारखे आठ दिवस लाजत बसू नका.

गेल्या रविवारी नात मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या विक्रीची पानं बघत होती. ‘आजोबा, हा आपला.’ पितळी दिवा, हंसाची मान, ‘व्हिंटेज’, किंमत २,८०० रुपये. मानेखाली पोचा होता. तिने लहानपणी त्यावर स्टीलचा पेला आपटला होता, तोच पोचा. सोमवारी फोटो घेऊन पुन्हा चौकीत गेलो. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, ‘तुमचाच कशावरून? बिल आहे?’

घरी येईपर्यंत त्या जाहिरातीखाली लिहून आलं होतं, चारपैकी दोन शिल्लक.