लटकलेलं पाऊल: दोष गुडघ्याशी, कमरेत की नितंबात?

गोव्यात वाळपई किंवा काणकोणच्या आरोग्यकेंद्रात फूट ड्रॉपचा (पाऊल वर उचलता न येणाऱ्या) रुग्ण आला, की बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला आजच पाठवायचं का आणि एमआरआय कमरेचा काढायचा की नाही, हे ठरवावं लागतं. संशयित तीन: फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) मानेजवळ, गुडघ्याखाली बाहेरून जाणारी कॉमन पेरोनियल नर्व्ह, कमरेतलं एल5 मूळ (पाचव्या मणक्याशी निघणारं नर्व्हचं मूळ) आणि नितंबातली सायटिक नर्व्ह.

खरा गोंधळ पहिल्या दोघांत होतो. दोन्हीत घोटा व अंगठा वर येत नाही, पाऊल बाहेर वळवणंही कमजोर होतं. निर्णय लागतो पाऊल आत वळवण्यावर. ते काम टिबिआलिस पोस्टिरिअर या पोटरीतल्या स्नायूचं. त्याची नर्व्ह टिबिअल, पण तंतू एल5 मधूनही येतात. म्हणून पेरोनियल इजेत ही ताकद शाबूत राहते, एल5 मध्ये घटते. मात्र लटकत्या पावलावर ही चाचणी केली तर चांगला स्नायूही कमजोर भासतो. आधी घोटा आपल्या हाताने 90 अंशांत धरा, मगच जोर लावायला सांगा. नंतर रुग्णाला कुशीवर वळवून वरचा पाय उचलायला लावा: ग्लुटिअस मिडिअस हा नितंबाचा स्नायूही दुबळा असेल तर दोष गुडघ्याशी नाही. बधिरतेवर फार भिस्त ठेवू नका. दोन्हींचा पट्टा नडगीच्या बाहेरून पावलाच्या पाठीवर येतो. फक्त पहिल्या दोन बोटांमधली खाच बधिर असेल तर डीप पेरोनियल, म्हणजे त्याच नर्व्हची खोल शाखा.

पेरोनियल वाटली तर कारण गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला शोधा: प्लास्टरची घट्ट कड, तासन्‌तास उकिडवं बसून केलेलं काम, स्कूटरवरून पडून लागलेला मार. तिथली नर्व्ह बोटाखाली जाड लागली तर अंगावर बधिर चट्टे पाहिल्याशिवाय रुग्णाला सोडू नका; कुष्ठरोग असा सापडतो.

सायटिक फसवी आहे. अर्धवट इजेत तिचा पेरोनियल भागच जास्त दुखावतो, त्यामुळे चित्र हुबेहूब गुडघ्याजवळच्या इजेसारखं दिसतं. अपघातात खुबा मागे निखळला असेल किंवा नितंबात इंजेक्शन घेतलं असेल, तर गुडघा वाकवण्याची व टाचा उचलण्याची ताकद, तळव्याची संवेदना आणि घोट्याचा झटका (हातोडीने ठोकल्यावर येणारा रिफ्लेक्स) तपासाच. झटका गेला असेल तर नुसती पेरोनियल म्हणू नका. शंका उरलीच तर ईएमजीत (स्नायूंच्या विद्युत चाचणीत) मांडीमागच्या बायसेप्स फेमोरिस स्नायूचं शॉर्ट हेड पाहायला सांगा. त्याची शाखा गुडघ्याच्या वर निघते, म्हणून तेही बिघडलं असेल तर दोष गुडघ्याशी नाही. ईएमजी इजेनंतर 2 ते 3 आठवड्यांनी करावा, लवकर केला तर खोटा दिलासा मिळतो.

गुडघा सरळ होत नाही आणि त्याचा झटका गेला, तर दोष मांडीच्या पुढच्या फेमोरल नर्व्हचा. मांडी आत ओढणंही दुबळं असेल तर दोष वर, मुळांत किंवा प्लेक्ससमध्ये (मुळांच्या जाळ्यात).

लघवी अडणं, बैठकीची जागा बधिर होणं, निखळलेला खुबा, किंवा नडगीच्या फ्रॅक्चरनंतर बोटं नुसती ताणली तरी असह्य कळ: यांतलं काहीही दिसलं तर रुग्ण त्याच तासाला रुग्णवाहिकेत. झटके उलट जोरदार असतील आणि तळवा खरवडल्यावर अंगठा वर जात असेल, तर मेंदू किंवा मज्जारज्जू तपासा.