रँच गेल्डिंग ऑनलाइन घ्यायचा विचार असेल तर हे आधी वाचा

टेक्सासमध्ये आपली बरीच मराठी मंडळी आता शहराबाहेर दहा-वीस एकर घेतायत, प्रॉपर्टी टॅक्स कमी बसतो म्हणून चार गाई ठेवतात, आणि गाई आल्या की एक नीट शिकलेला घोडा पण असावा असं वाटायला लागतं. आम्ही फोर्ट वर्थच्या वायव्येला राहतो, आमचंही तसंच झालं. ज्याने आम्हाला फसवलं तो आता दुसऱ्या नावाने पेज काढून परत घोडे विकतोय आणि त्या पेजखाली मला ओळखीच्या आडनावाच्या कमेंट दिसल्या, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते, गेल्डिंग म्हणजे खच्ची केलेला घोडा. गुरांच्या कामाला इकडे बहुतेक हेच वापरतात कारण आसपास घोडी असली तरी बिथरत नाही, कामात लक्ष राहतं, बाकीच्या घोड्यांबरोबर एका कुरणात सुखाने राहतो. आणि असा घोडा एका दिवसात तयार होत नाही हो. साधारण दोन वर्षांचा झाला की राउंड पेनमध्ये, म्हणजे गोल कुंपणाच्या आत, पाठीवर सॅडलची सवय, मग साध्या स्नॅफल बिटवर, म्हणजे तोंडातल्या सौम्य लगामावर, वळायला थांबायला शिकवणं, तिसऱ्या वर्षी हलकी कामं, कुरणातून गुरं गोळा करणं वगैरे, मग हळूहळू दोर टाकणं, दोराला वासरू ओढून ब्रँडिंगला, म्हणजे मालकाच्या खुणेचा डाग द्यायला, आणणं, आजारी गाय कळपातून वेगळी काढणं. खरा भरवशाचा घोडा व्हायला पाच-सहा वर्षांचं वय उजाडतं, तेही रोज कामावर असेल तर. म्हणूनच त्याची किंमत पाच आकडी असते, आणि टीव्हीवरच्या काउबॉय सिरीयली बघून मागणी वाढल्यापासून तर विचारूच नका. जिथे एवढा पैसा फिरतो तिथे फसवणारे लोक येणारच.

आमच्या घोड्याची जाहिरात अशी होती, 6 वर्षांचा सोरेल म्हणजे तांबूस रंगाचा, कपाळावर चांदणी, मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा, रजिस्टर्ड क्वार्टर हॉर्स (गुरांच्या कामाची इकडची जात), "लहान मुलगी पण बसू शकते". व्हिडिओत खरंच लहान मुलगी बसलेली, माणूस त्याच्यावर बसून गेट उघडतोय, ताडपत्रीवरून चालवतोय, बाजूला चाबूक वाजतोय, वासराला दोर टाकून ओढतोय, आणि घोडा ढिम्म. ऑनलाइन ऑक्शन होतं, 18,500 डॉलरला आला. रजिस्ट्रेशनचा कागद, कॉगिन्स नावाच्या रक्ताच्या टेस्टचा कागद, एका व्हेटचा रिपोर्ट आणि पायांचे एक्स-रे, सगळं बघायला दिलं होतं. सगळं व्यवस्थित दिसत होतं, आणि तसं दिसावं म्हणूनच ते बनवलेलं होतं.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे घोडा अगदी गरीब. नवरा रोज संध्याकाळी बसायचा, मुलगी शेजारून चालायची. मग एक दिवस तंग आवळताना पाठ फुगवली, कान मागे. दोन दिवसांनी नवरा गाईंच्या मागे गेला, एक कालवड अचानक समोरून वळली आणि घोडा असा काही उसळला की नवरा कुंपणाजवळ पडला, कॉलरबोन मोडलं. त्या आठवड्यात मुलीला त्याच्यावर एकटीला बसवायचं ठरलं होतं, त्याचा विचार आला की मला आजही झोप लागत नाही.

आमचा व्हेट आला. आधी घोड्याचं तोंड उघडलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. सहा वर्षांच्या घोड्याच्या खालच्या दातांवर, निदान मधल्या जोडीच्या बाजूच्या आणि कोपऱ्यातल्या दातांवर, खळगे असायला हवेत, याचे सगळे झिजून गेलेले. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीजवळून एक रेघ उतरायला लागलेली, ही गॅल्वेनची रेघ साधारण 10 वर्षांच्या आसपास दिसायला लागते, 15 च्या आसपास अर्ध्या दातापर्यंत येते आणि 20 ला पूर्ण. दातावरून अगदी नक्की वय सांगता येत नाही हे तोही म्हणाला, पण 6 आणि 11-12 यात चूक होत नाही. माझं माहेर शहाद्याकडचं, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात माणसं पहिलं दात बघतात आणि मगच भावाचं बोलतात, ते लहानपणापासून बघितलंय. ऑक्शनच्या व्हिडिओत तोंड उघडून दाखवत नाहीत हे आता लक्षात ठेवा.

मग पुढच्या पायांचं बघितलं. खुराच्या मागच्या भागावर चिमटा लावला की दुखतं, पाय दुमडून सोडला की लंगडतो. नवे एक्स-रे काढले तर नॅव्हिक्युलरचं, म्हणजे खुराच्या आतल्या एका छोट्या हाडाचं, जुनं दुखणं. विकणाऱ्याने दिलेल्या एक्स-रेत यातलं काहीच नव्हतं, आमच्या व्हेटच्या मते ते याच घोड्याचे नसणार. म्हणजे तो बिचारा व्हिडिओत वासरू ओढत होता तेव्हा त्याला ब्यूट नावाचं पेनकिलर देऊन उभा केलेला असणार, आणि शांत ठेवायला लांब टिकणारं गुंगीचं औषध. रिसर्पिन, फ्लूफेनाझिन अशी औषधं आहेत, त्यांचा परिणाम दिवसांचा नाही, आठवड्यांचा राहू शकतो. आपण ट्रायलला गेलो, दोन-तीनदा बसलो तरी कळत नाही. आमच्या घोड्याचं रक्त काढलं तोवर काही सापडलं नाही, उशीर झाला होता. पण तो इतके आठवडे शांत राहून मग एकदम बदलला याचं दुसरं कारण व्हेटला दिसत नाही आणि मलाही नाही.

आता कागद. हा भाग कोणी सांगत नाही म्हणून नीट वाचा. रजिस्ट्रेशनचा कागद खरा होता, अमारिलोच्या क्वार्टर हॉर्स असोसिएशनचाच, फक्त तो या घोड्याचा नव्हता. सोरेल हा या जातीत सगळ्यात जास्त दिसणारा रंग, त्यात चांदणी आणि एक पांढरा मोजा असलेले घोडे ढिगाने. शिवाय घोडी किंवा स्टॅलियन (खच्ची न केलेला घोडा) असता तर त्याचं डीएनए रजिस्ट्रीकडे असतं, त्यांच्या शिंगरांच्या रजिस्ट्रेशनला ते लागतं, तिथे अदलाबदल कधीतरी पकडली जाते. गेल्डिंगला पिल्लं होत नाहीत, त्याचं डीएनए बहुतेक वेळा कुणी नोंदवतच नाही. म्हणून मेलेल्या किंवा लंगड्या झालेल्या गेल्डिंगचा कागद दुसऱ्याच्या गळ्यात अडकवला तर कोणाला पत्ता लागत नाही. नाव ट्रान्सफर करताना घोडा बघायला कुणी येत नाही.

मी कागदावर ज्याचं नाव ब्रीडर म्हणून होतं त्या म्हाताऱ्या माणसाला शोधून फोन केला. फार भला माणूस. म्हणाला आमच्या प्रत्येक शिंगराच्या डाव्या मांडीवर आम्ही आमचा ब्रँड मारतो, तुमच्या घोड्यावर आहे का बघा. आमच्या घोड्याच्या मांडीवर काहीच नाही, केस भादरून बघितलं तरी नाही. मग आयाळीचे केस मुळासकट उपटून कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या लॅबला पाठवले, कागदावरच्या आई-बापाचं डीएनए नोंदलेलं होतंच, त्यांच्याशी जुळवून बघितलं. जुळलं नाही. ही टेस्ट फार महाग नाही आणि घोडा घ्यायच्या आधी करता येते, विकणारा केस द्यायला का-कू करत असेल तर तिथेच फोन ठेवा.

कॉगिन्सच्या कागदावर पण वय 6 लिहिलेलं होतं, लोक त्याला पुरावा समजतात. ती टेस्ट रक्तातल्या एका आजाराची आहे, टेक्सासमध्ये घोडा विकायला गेल्या 12 महिन्यांतली निगेटिव्ह लागते, पण वय त्यावर मालक सांगेल तेच लिहिलं जातं. त्यावर मालकाचं नाव कोणाचं आहे, कोणत्या तारखेला रक्त घेतलं हे मात्र बघा. आमच्या कागदावर विकणाऱ्याचं नाव नव्हतंच, आम्ही विचारलं तर "जुन्या पार्टनरचं" म्हणाला.

पैशाचं सांगायचं तर, त्याने आधी गोड बोलून दुसरा घोडा देतो म्हणून झुलवलं, मग नंबर ब्लॉक केला. ऑक्शनवाले म्हणाले अटींमध्ये घोडा आहे तसा विकला असं लिहिलंय. पण टेक्सासमध्ये 1973 पासून ग्राहकांना फसवण्याविरुद्धचा कायदा आहे, आणि मुद्दाम खोटं सांगून विकलं असेल तर "आहे तसा" या दोन शब्दांमागे लपता येत नाही असं वकिलाने सांगितलं. 20,000 डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात, म्हणजे लहान दाव्यांच्या कोर्टात, लावता येतो, तिथे खर्च कमी येतो. आम्ही तो लावलाय, रजिस्ट्रीकडे पण तक्रार दिलीय.

घोड्याचा यात काही दोष नाही हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पहिल्यांदा सगळे म्हणाले विकून टाका. दुखणारा पाय आणि पोटात औषध घालून त्याला कामाला लावलं होतं, तो उसळला नाही तर काय करणार. आता त्याला नॅव्हिक्युलरसाठी वेगळे नाल ठोकलेत, कुरणात असतो, पाठीवर कोणी बसत नाही. त्याला परत बाजारात पाठवायचं तर पुढच्या घरी कोणाचं तरी पोर बसेल, ते माझ्याच्याने होणार नाही.

ज्यांनी गेल्या एक-दोन महिन्यांत ऑनलाइन गेल्डिंग घेतलाय त्यांना विनंती आहे की तो शांत आहे म्हणून थांबू नका, आजच तुमच्या स्वतःच्या व्हेटला बोलवून रक्त काढून ठेवा. टेस्ट लगेच नाही केली तरी चालते, नमुना ठेवून देतात आणि घोडा बदलला तर मग तपासतात. आणि जे अजून बघतायत त्यांनी खरेदीच्या वेळीच आपल्या व्हेटकडून रक्त काढायचं असं सौदा ठरतानाच लिहून घ्या, सांगून न जाता सकाळी लवकर पोचा, घोडा कुरणातून पकडण्यापासून सगळं डोळ्यासमोर करायला लावा, तंग आवळताना त्याचे कान बघा, मान खाली टाकून लिंग लोंबत उभा असेल तर एस नावाचं गुंगीचं औषध दिलेलं असू शकतं. विकणाऱ्याने सुचवलेला व्हेट घेऊ नका, कितीही जवळ असला तरी.